एक ताण जुळतो, दुसरा जुळत नाही: कणाच्या समतोलाची गणितं नेमकी कुठे घसरतात

परीक्षा आठवड्यावर आली की रात्री साडेदहानंतर फोन वाजतो. वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, त१ बरोबर येतोय, त२ येत नाहीये. तीनदा केलं." त१ आणि त२ म्हणजे दोन दोऱ्यांतले ताण. सोबत वहीच्या पानाचा फोटो. समीकरणांनी अर्धं पान भरलेलं आणि आकृती वरच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी.

मी डिप्लोमाच्या आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या मेकॅनिक्सच्या शिकवण्या घेते. कणाचा समतोल हा त्यातला खरं तर सोपा धडा. सगळी बलं एकाच बिंदूतून जातात, त्यामुळे फिरण्याचा प्रश्न नाही आणि मोमेंट घ्यायचं काम नाही. आडव्या दिशेची बेरीज शून्य, उभ्या दिशेची बेरीज शून्य, संपलं. तरीही याच प्रश्नावर मुलं गुण सोडून येतात. मीही सोडले होते. माझी मेकॅनिक्सची केटी (म्हणजे नापास होऊन विषय मागे राहणं) या धड्याने लागली असं म्हणणार नाही, पण हातभार नक्की लावला.

"तीनदा केलं" म्हणजे आकडेमोड तीनदा केलेली असते. आकृती एकदाच काढलेली असते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. चुकीच्या आकृतीवरून बरोबर आकडेमोड केली की दर वेळी तेच चुकीचं उत्तर येणार. म्हणून चौथ्यांदा सोडवायला बसू नका. त्याआधी एक छोटं काम करा.

तुमचं उत्तर भागिले पुस्तकातलं उत्तर

हा भागाकार कॅल्सीवर करा आणि येणारा आकडा बघा. नेहमीच्या चुकांचे आकडे ठरलेले असतात.

०.१०२ आलं तर किलोग्रॅमचा आकडा तुम्ही तसाच बल म्हणून घातलाय, ९.८१ ने गुणायचं राहिलं. ९.८१ आलं तर उलट झालंय: वजन न्यूटनमध्येच दिलं होतं आणि तुम्ही पुन्हा गुणलंत. १.०१९ किंवा ०.९८१ आलं तर चूकच नाही. तुम्ही आणि पुस्तकवाल्याने गुरुत्वत्वरण वेगळं धरलंय, एकाने १० आणि दुसऱ्याने ९.८१. या दोन टक्क्यांसाठी रात्र जागवलेली मुलं मी पाहिली आहेत. २ किंवा ०.५ आलं तर कप्पीकडे बघा. कप्पीवरून गेलेल्या दोरीच्या दोन्ही बाजू ओढत असतात आणि आपण एकच मोजलेली असते.

आणि ०.५७७ किंवा १.७३२ आलं, तर साइन आणि कॉसची अदलाबदल झाली आहे. ३० किंवा ६० अंशांचा कोन गणितात असला की ही चूक हाच आकडा मागे ठेवून जाते. फोनवरच्या तक्रारींत सगळ्यात जास्त हीच असते, म्हणून ती नीट उलगडून बघू.

हंडीचं गणित

गल्लीत दोन इमारतींमध्ये दोरी बांधली आहे. दोरीला एका जागी गाठ मारून १२ किलोची हंडी टांगली आहे. डावीकडची दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करते, उजवीकडची ४५ अंशांचा. दोन्ही दोऱ्यांतला ताण काढा.

वजन १२ × ९.८१ = ११७.७२ न्यूटन. कण म्हणून गाठ घेतली. गाठीवर तीन बलं: डावीकडे वर त१, उजवीकडे वर त२, सरळ खाली ११७.७२.

आडवी दिशा: त१ कॉस ३०° = त२ कॉस ४५°
उभी दिशा: त१ साइन ३०° + त२ साइन ४५° = ११७.७२

पहिल्यावरून त२ = १.२२५ त१. दुसऱ्यात घातलं की त१ = ८६.१८ न्यूटन आणि त२ = १०५.५४ न्यूटन.

आता फोटोतलं पान बघू. मुलाने कोन भिंतीपासून, म्हणजे उभ्या रेषेपासून मोजलाय असं धरलं. त्याची समीकरणं अशी झाली:

त१ साइन ३०° = त२ साइन ४५°
त१ कॉस ३०° + त२ कॉस ४५° = ११७.७२

यातून त१ येतो ८६.१८. अगदी बरोबर! आणि त२ येतो ६०.९४. सगळा घोळ इथे आहे. एक उत्तर पुस्तकाशी दशांशापर्यंत जुळल्यावर कोणाला वाटेल की आकृती चुकली? मुलगा समजतो, शेवटच्या पायरीत कुठेतरी बटण चुकलं, आणि ती शेवटची पायरी तीनदा करतो.

त१ का जुळला, तेही सांगून टाकते. कोनांची अशी गल्लत झाली की प्रत्येक ताण चुकतो तो समोरच्या दोरीच्या कोनाच्या टॅनच्या पटीत. त१ च्या समोरची दोरी ४५ अंशांची. टॅन ४५° म्हणजे १, म्हणून त१ ला धक्का लागला नाही. त२ च्या समोरची दोरी ३० अंशांची, टॅन ३०° म्हणजे ०.५७७. करून बघा: ६०.९४ ÷ १०५.५४ = ०.५७७. पेपर काढणाऱ्यांना ३०-४५ ची जोडी फार आवडते, आणि त्यामुळेच "एक बरोबर, एक चूक" ही तक्रार दर वर्षी येते. ४५ च्या जागी ५० असते तर दोन्ही उत्तरं चुकली असती आणि मुलाने निदान आकृतीवर संशय घेतला असता.

चुकीचं मूळ एका पाठांतरात आहे: "आडवा घटक म्हणजे कॉस, उभा घटक म्हणजे साइन." कोन आडव्या रेषेपासून असेल तेव्हाच हे खरं. त्यापेक्षा हे लक्षात ठेवा: कोन ज्या रेषेपासून मोजलाय, त्या रेषेवरचा घटक कॉस. मग ती रेषा आडवी असो, उभी असो, नाहीतर उताराची. छापील आकृतीत कोनाची कमान कुठल्या दोन रेषांना टेकते ते बोटाने फिरवून बघा. कमान दोरी आणि छताच्या मध्ये असेल तर कोन आडव्यापासून आहे, दोरी आणि भिंतीच्या मध्ये असेल तर उभ्यापासून.

पुढे-मागे काही मुलं असंही करतात की दोरीचा उतार ३:४ असा दिलेला असतो आणि ती आधी टॅनचा व्यस्त काढून ३६.८७ अंश लिहितात, मग परत त्याचा साइन-कॉस काढतात. कशाला? कर्ण ५ आहे, घटक थेट ३/५ आणि ४/५. कोन काढलाच नाही तर तो उलटा घालण्याचा धोकाही राहत नाही.

पेपरात पुस्तकातलं उत्तर नसतं, तेव्हा?

तेव्हा भागाकार कामाचा नाही. पण हंडीच्या गणिताला डोळ्यांनी करायची एक तपासणी आहे. दोन्ही दोऱ्यांचे आडवे घटक सारखेच असावे लागतात, कारण आडव्या दिशेला तिसरं कोणी ओढत नाही. म्हणून जी दोरी जास्त उभी, तिच्यात ताण जास्त. आकृतीत उजवी दोरी ४५ अंशांची, म्हणजे डावीपेक्षा उभी. तेव्हा त२ मोठा यायलाच हवा. ८६ आणि ६१ हे उत्तर आकृतीशेजारी ठेवलं की लगेच खटकतं.

दुसरी तपासणी पट्टी आणि कोनमापकाची. १ सेंटीमीटरला २० न्यूटन असं प्रमाण घ्या. वजनाची ५.९ सेंटीमीटरची उभी रेषा काढा. तिच्या खालच्या टोकातून ४५ अंशांत उजवीकडे वर जाणारी रेषा काढा आणि वरच्या टोकातून ३० अंशांत उजवीकडे खाली उतरणारी. दोन्ही जिथे भेटतील तिथपर्यंतच्या लांब्या मोजा: ५.३ आणि ४.३ सेंटीमीटर. म्हणजे १०६ आणि ८६ न्यूटन. दोन मिनिटांचं काम आहे. कल्पनाही जुनी: सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने १५८६ साली छापलेल्या आपल्या स्थितिशास्त्राच्या पुस्तकात उतारावरच्या मण्यांच्या माळेचा विचार मांडला, आणि बलांचा त्रिकोण त्यातूनच पुढे आला. तेव्हा कॅल्सी नव्हता.

लामीचं प्रमेय वापरणाऱ्यांसाठीही थोडं सांगते. हे प्रमेय बर्नार्ड लामी या फ्रेंच धर्मगुरूचं, १६७९ सालचं. हंडीच्या गणितात ते छान चालतं. बलांमधले कोन १०५, १३५ आणि १२०, बेरीज ३६०. त१ भागिले साइन १३५°, त२ भागिले साइन १२०° आणि ११७.७२ भागिले साइन १०५°, तिन्ही सारखे. पण तिथे प्रत्येक बलाखाली उरलेल्या दोन बलांमधला कोन जातो. मुलं त्या बलाचा स्वतःचा, आडव्याशी केलेला कोन घालून मोकळी होतात. कोनांची बेरीज ३६० येते का बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि बलं चार झाली की लामीला नमस्कार करून घटकांकडे वळा. चार बलांचा लामी नसतो. चौथं बल "छोटं आहे" म्हणून सोडून देऊन लामी लावलेली वहीही मी तपासली आहे.

दोन्ही ताण ऋण आले

हंडीच्या गणितात −१५९ आणि −४७ असं उत्तर आलं असेल, तर कॅल्सी रेडियनवर आहे. बटण दाबून डिग्रीवर आणा, एवढंच. याहून घातक तिसरा मोड आहे, ग्रेडियनचा. त्यात उत्तर ९६.९ आणि ११३.५ येतं. दोन्ही धन, त२ मोठा, सगळं शहाण्यासारखं दिसतं आणि सगळं चूक. पेपर हातात आला की आधी साइन ३०° करून बघायचं. ०.५ आलं की मग प्रश्न वाचायचा.

कॅल्सी ठीक असताना दोरीचा ताण ऋण आला, तर मात्र उत्तराचं चिन्ह पुसून धन करू नका. दोरी ओढू शकते, ढकलू शकत नाही. ऋण ताण म्हणजे एकतर तुम्ही बाणाची दिशा दोरीकडून गाठीकडे ढकलणारी काढली आहे, नाहीतर ती दोरी सैल पडणार आहे आणि गणित दुसऱ्या मांडणीचं आहे. दांडा असेल तर गोष्ट वेगळी. दांडा ढकलतोही, आणि तिथे ऋण चिन्हाचा अर्थ एवढाच की दिशा तुम्ही धरलीत त्याच्या उलट आहे.

गाठ आहे की कडी?

प्रश्नातला हा एक शब्द वाचायचा राहिला की अख्खं गणित जातं. हंडी गाठीने बांधलेली असेल तर दोन्हीकडच्या दोऱ्या दोन वेगळ्या दोऱ्या समजायच्या, दोन वेगळे ताण. पण आकाशकंदील गुळगुळीत कडीला लावून ती कडी दोरीत ओवली असेल, तर कडी घसरत घसरत स्वतःच आपली जागा शोधते, आणि दोन्ही बाजूंना ताण एकच असतो. ताण एकच, आडवे घटक सारखे, म्हणजे कोनही सारखे. दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असल्या तरी!

हे मुलांना पटत नाही. "मॅडम, एक खुंटी वर आहे ना, मग तिकडची दोरी जास्त उभी असणार." मग मी पिशवीतली सुतळी आणि किल्ल्यांची कडी काढते आणि करून दाखवते. एक टोक मुलाच्या हातात, एक माझ्या. त्याला हात वर न्यायला सांगते. कडी खाली घसरत माझ्या बाजूला येते आणि थांबते तेव्हा दोन्ही बाजूंचा उतार सारखाच.

आकड्यात: ५ मीटर दोरी, खुंट्यांमधलं आडवं अंतर ४ मीटर, कडीला तेच ११७.७२ न्यूटन वजन. उभ्या रेषेशी होणाऱ्या कोनाचा साइन म्हणजे ४ भागिले ५, ०.८. म्हणून कॉस ०.६. उभ्या दिशेला २ × त × ०.६ = ११७.७२, म्हणून त = ९८.१ न्यूटन. एक खुंटी दुसरीपेक्षा मीटरभर वर असली तरी उत्तर हेच. प्रश्नात उंचीतला फरक दिलेला असतो आणि तो कुठे वापरायचा म्हणून मुलं अस्वस्थ होतात. कडी नेमकी कुठे थांबेल हे विचारलं तर त्याची गरज लागते. ताणासाठी लागत नाही.

ओळखायची खूण: प्रश्नात 'गुळगुळीत कडी', 'कप्पी' किंवा 'दोरी वरून सरकते' असं काही असेल तर ताण एक. 'गाठ', 'बांधलेली', 'जोडलेली' असेल तर ताण वेगळे.

दोरी अगदी आडवी धरली आणि समीकरण कोसळलं

"दोरी ताठ आहे, म्हणून कोन शून्य धरला." मग उभ्या दिशेचं समीकरण म्हणतं ० = ११७.७२. हे गणिताचं चुकणं नाही, गणित तुम्हाला ओरडून सांगतंय की असं होऊच शकत नाही. मध्यभागी वजन असलेली दोरी पूर्ण आडवी राहत नाही.

हंडी बरोबर मध्ये असेल तर ताण = वजन भागिले (२ × कोनाचा साइन). कोन ३० अंश असताना ताण ११७.७ न्यूटन, हंडीच्या वजनाइतकाच. १० अंशांवर ३३९. ५ अंशांवर ६७५. १ अंशावर ३३७३ न्यूटन, म्हणजे १२ किलोच्या हंडीसाठी सुमारे ३४४ किलो टांगल्यासारखा ताण. कपडे वाळत घालायची दोरी कितीही आवळून बांधली तरी ओली चादर टाकली की मध्ये झोल येतोच, आणि फारच आवळली तर भिंतीतला खिळा बाहेर येतो, त्याचं कारण हेच. माझ्या गॅलरीतला एक खिळा असाच गेला. मेकॅनिक्स शिकवणाऱ्या बाईच्या घरी हे व्हावं यावर सासूबाई अजून हसतात.

उतारावर नॉर्मल कमी आला

उतारावरची वस्तू आली की मुलं प्रश्न वाचायच्या आत 'एन = वजन × कॉस' लिहितात. (एन म्हणजे नॉर्मल, पृष्ठभाग वस्तूला काटकोनात देतो तो रेटा.) हे सूत्र नव्हे, एका विशिष्ट परिस्थितीतला निकाल आहे: उताराला काटकोनात दुसरं काहीच ढकलत-ओढत नसेल तेव्हाचा.

ट्रकला फळी लावली आहे, उतार २५ अंश, फळी गुळगुळीत धरली. ५० किलोचं पोतं हमाल आडवं ढकलून जागच्या जागी धरून ठेवतो. वजन ४९०.५ न्यूटन. आडवं ढकलणं पोत्याला फळीवर दाबतंही, म्हणून नॉर्मल वाढणार. पाठ केलेल्या सूत्राने एन येतो ४४४.५. खरा येतो ५४१.२, वजनापेक्षाही जास्त. "नॉर्मल वजनापेक्षा जास्त कसा असेल?" हा प्रश्न हमखास येतो. हमालाला विचारा, फळी का वाकते ते.

इथे आणखी एक कसब आहे. उतार दिसला की अक्ष तिरपे घ्यायचे अशी सवय लागलेली असते. पण या गणितात वजन उभं, ढकलणं आडवं, तिरपा फक्त नॉर्मल. मग अक्ष सरळच ठेवा: एन कॉस २५° = ४९०.५ आणि एन साइन २५° = ढकलणारं बल. दोन ओळींत एन ५४१.२ आणि बल २२८.७. जास्तीत जास्त बलं ज्या दिशांना असतील त्या दिशांना अक्ष घ्यायचे. उतार कुठे जातोय याच्याशी अक्षांना देणंघेणं नाही.

घर्षण आलं की याच घरातली दुसरी चूक. २० किलोची पेटी १५ अंशांच्या उतारावर स्थिर आहे, स्थैतिक घर्षणांक ०.४, घर्षणबल काढा. मुलं लगेच ०.४ × १८९.५ = ७५.८ न्यूटन लिहितात. पेटीला खाली ओढणारा वजनाचा घटक आहे ५०.८. मग ७५.८ चं घर्षण असेल तर पेटी आपोआप उतार चढायला लागेल! ७५.८ ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे, खिशात आहेत तेवढे पैसे. खर्च लागेल तेवढाच होतो, ५०.८. आधी समतोलासाठी किती घर्षण लागतं ते काढा, मग ते मर्यादेत बसतं का बघा. 'घसरण्याच्या बेतात' असे शब्द असतील तेव्हाच थेट मर्यादेचा आकडा घाला.

शेवटी ० = ० आलं

सगळं मांडलं, सोडवलं आणि हाती शून्य बरोबर शून्य. याचा अर्थ एकच माहिती तुम्ही दोनदा लिहिली आहे.

एका कणाला, एका प्रतलात, दोनच स्वतंत्र समीकरणं मिळतात. आडवी, उभी, मग तिसरं म्हणून तिरप्या दिशेचं लिहिलं तर ते पहिल्या दोघांचीच खिचडी असते. अज्ञात तीन असतील तर एका कणाकडून ते सुटणार नाहीत. दुसरा कण शोधायचा.

दोन गाठींचं गणित घ्या. दोरी डाव्या खुंटीपासून ४५ अंशांत खाली पहिल्या गाठीपर्यंत येते, मग आडवी दुसऱ्या गाठीपर्यंत जाते, मग वर उजव्या खुंटीकडे, पण तो कोन दिलेला नाही. पहिल्या गाठीला ६० न्यूटन टांगलेत, दुसरीला ८०. मुलं दुसऱ्या गाठीपासून सुरू करतात, कारण विचारलेला कोन तिथे आहे. तिथे अज्ञात तीन: मधला ताण, उजवा ताण आणि कोन. अडकतात. मग पूर्ण दोरीचा समतोल लिहून तिसरं समीकरण आणतात, आणि हळूहळू ० = ० कडे पोचतात, कारण पूर्ण दोरीचं समीकरण म्हणजे दोन गाठींच्या समीकरणांची बेरीजच.

पहिल्या गाठीपासून सुरू करा, तिथे अज्ञात दोनच आहेत. डाव्या ताणाचा उभा घटक ६०, कोन ४५, म्हणून आडवा घटकही ६०, आणि मधल्या दोरीचा ताण ६० न्यूटन. आता दुसरी गाठ: डावीकडे ६०, खाली ८०. उजव्या दोरीला वर ८० आणि उजवीकडे ६० द्यावे लागतात, म्हणजे ताण १००, कोन ५३.१ अंश. कॅल्सीही लागला नाही. फक्त मधली दोरी पहिल्या गाठीला उजवीकडे ओढते आणि दुसरीला डावीकडे, हे दोन्ही आकृत्यांत नीट दाखवा. एकच मोठी आकृती काढून त्यावर सगळे बाण रंगवले की मधल्या दोरीचे बाण एकमेकांवर बसतात आणि एखादा गायब होतो. एका गाठीला एक एफबीडी, म्हणजे फक्त त्या गाठीवरची बलं दाखवणारी आकृती. कागद स्वस्त आहे.

तिन्ही दोऱ्यांत ताण सारखाच आला आणि तोही फार कमी

त्रिमितीय गणितातली ही तक्रार. जमिनीशी समांतर दोन अक्ष, वर तिसरा. १२० न्यूटनचा दिवा मूळबिंदूशी टांगलाय आणि तीन दोऱ्या छतातल्या (३, ०, ४), (०, ३, ४) आणि (−३, −३, ४) या हुकांकडे जातात, अंतरं मीटरमध्ये. मुलगी लिहिते: पहिल्या दिशेला ३त१ − ३त३ = ०, दुसऱ्या दिशेला ३त२ − ३त३ = ०, वरच्या दिशेला ४त१ + ४त२ + ४त३ = १२०. उत्तर: तिन्ही १० न्यूटन. पुस्तक म्हणतं ५०, ५० आणि ५८.३.

तिने दोरीच्या लांबीने भागायचं विसरलंय. दिशा दाखवायला (३, ०, ४) तसाच घातला, एकक सदिश (लांबी १ असलेला) केला नाही. पण गंमत अशी की तिचं काम वाया गेलेलं नाही. तिला मिळालेले १० म्हणजे दर मीटर लांबीमागे ताण किती, तो आकडा. आता फक्त प्रत्येकाला त्याच्या दोरीच्या लांबीने गुणायचं: ५ मीटर, ५ मीटर आणि ५.८३ मीटर. ५०, ५०, ५८.३.

मी तर आता मुलांना मुद्दाम असंच सोडवायला सांगते. सुरुवातीलाच वर्गमुळं काढून ०.८५७ न् ०.५१४ असे दशांश समीकरणांत ओढत नेण्यापेक्षा पूर्णांकांत सोडवायचं आणि लांबीने शेवटी गुणायचं. मात्र पहिल्या ओळीत 'त' च्या जागी वेगळं अक्षर लिहायचं, म्हणजे शेवटचा गुणाकार राहून जात नाही. तपासणाऱ्यालाही कळतं की हे जाणूनबुजून केलंय.